बसायची जागा

नकाशा मधु मिस्त्रीने तीनदा फिरवून पाहिला. सरळ, आडवा, मग उलटा. कानामागची पेन्सिल काढली, काही न लिहिता परत कानामागे खोचली आणि म्हणाला, "मैडम, बाकी सब बढ़िया है. पर साहब कहाँ बैठेंगे?"

मी हसले. "मिस्त्री, चश्मा बदलो," म्हटलं. मग पर्समधून माझाच चष्मा काढला आणि नकाशावर वाकले. तो माझ्या स्वतःच्या नव्या फ्लॅटचा नकाशा होता, सिटी सेंटर भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या. पाच महिने मी तो काढत होते, खोडत होते, पुन्हा काढत होते. सोमवारी मिस्त्री प्लाय कापायला घेणार होता. आणि त्या नकाशात माझा नवरा नव्हता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर उगाच कोडं वाटेल. मी शामला. वीस वर्षं ग्वाल्हेरच्या लोकांची घरं मांडून देते. कोणाच्या हॉलमध्ये सोफा कुठे, जेवायचं टेबल गोल की लांब, कपाटाचं दार सरकतं हवं की उघडतं, हे ठरवणं माझा धंदा. आणि माझी एक पद्धत आहे, जिच्यावर मी कॉलेजात जाऊन भाषणंसुद्धा ठोकली आहेत. फर्निचरच्या आधी मी माणसं बसवते. कोऱ्या नकाशावर लाल पेन्सिलीने छोटी वर्तुळं काढते, आत एकेकाच्या नावाचं अक्षर लिहिते, आणि घरातल्या प्रत्येकाला विचारते, बाहेरून आल्यावर तुम्ही पहिल्यांदा टेकता कुठे? आजोबा सांगतात, खिडकीशी, पण उन्हात नाही. सून सासूकडे बघते आणि म्हणते, कुठेही. त्या 'कुठेही'साठी मी दिवसचे दिवस खपते. वर्तुळं बसली की खुर्च्या, दिवे, टेबलं त्यांच्याभोवती आपोआप येतात. मधु मिस्त्री बारा वर्षं माझ्याबरोबर आहे, तो मापांच्या आधी वर्तुळं मोजतो. या नकाशात माझी तीन होती. बंगळूरला शिकणाऱ्या आणि वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या आमच्या तन्वीची दोन. माझी आई, सुमनताई, दर रविवारी येते, तिचं एक, गुडघ्यांसाठी उंच बैठकीचं. पाहुण्यांची चार. नवऱ्याचं, लक्ष्मीकांतचं, एकही नाही. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, माझे सुताराने टोचले.

"रह गया होगा," मी म्हटलं आणि लाल पेन्सिल उचलली. खरा धक्का तेव्हा बसला. पेन्सिल कागदावर टेकेचना. कुठे काढू? एकवीस वर्षांच्या संसारात हा माणूस बाहेरून आल्यावर पहिल्यांदा कुठे टेकतो, हे मला माहीत नव्हतं. ज्या घरांत मी फक्त चहा प्यायले त्या घरांतली कोण कुठे बसतं ते मला आजही पाठ आहे. मिस्त्री शहाणा माणूस, त्याने नजर बाहेर रस्त्याकडे वळवली. मी नकाशा गुंडाळला आणि म्हटलं, सोमवारपर्यंत सांगते.

सोमवारची मुदत माझ्या नवऱ्यालाही होती. लक्ष्मीकांत वीज कंपनीत इंजिनिअर आहे. मंगळवारी त्याला भोपाळचं पत्र आलं, बढती, तीन वर्षांसाठी तिकडे, राहायला क्वार्टर, होकार-नकार सोमवारपर्यंत कळवायचा. पत्र त्याने फ्रिजवर ठेवलं होतं. मी विचारलं, काय करणार? "बघू," म्हणाला. मी म्हटलं, बघा, तुमचं करिअर आहे, मी आड येणार नाही. असं बोलले की मला स्वतःचा मोठेपणा वाटतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते आणि मनात अरे, आमच्या पिढीच्या ग्वाल्हेरकर मराठी बायकांत असं बरंच चालतं. पण त्या मंगळवारी मनातल्या मनातही मी त्याला, अरे, जाऊ नकोस, असं म्हटलं नव्हतं. म्हणायचं होतं का, तेही तपासलं नव्हतं. आता गुरुवारी दुपारी, गुंडाळलेला नकाशा काखेत धरून रिक्षात बसल्यावर, मला एकाएकी वाटलं की माझ्या हाताने माझ्या आधीच उत्तर देऊन टाकलं आहे. आणि विचित्र म्हणजे, वाईट वाटायच्या आधी मला कुतूहल वाटलं. सवय, दुसरं काय. मी ठरवलं, या माणसाकडे चार दिवस क्लायंट म्हणून बघायचं.

संध्याकाळी तो आला. आम्ही अजून शिंदे की छावनीतल्या भाड्याच्या वरच्या मजल्यावरच राहतो. मी जेवणाच्या टेबलाशी कामाचा देखावा करून बसले होते. त्याने चपला काढल्या, बॅग खुंटीला लावली, हातपाय धुतले, स्वतःचा चहा ओतून घेतला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच प्यायला. मग कप घेऊन खिडकीशी गेला. तिथून पुस्तकांच्या शेल्फाशी. घरात बसायला, मी मोजल्या, अकरा जागा होत्या. तो एकीवरही बसला नाही. शेवटी बातम्या लावल्या आणि सोफ्याच्या हातावर टेकला, एक पाय जमिनीवर. डॉक्टरकडे आपला नंबर कधी पुकारतील याची वाट बघणारा माणूस बसतो, तसा. मी इतकी निरखून बघत असेन की त्याने मान वळवली. "काय बघून राहिली आहेस?" "काही नाही," मी म्हटलं. "अगं, मग ठीक," तो म्हणाला, आणि चटकन उभा राहिला, जसं काही मी त्याला ऊठ म्हटलं होतं.

माझ्या बाबांना कोणी ऊठ म्हणू शकलं नसतं. महिपतराव म्हणजे फौजेत चार पिढ्या घालवलेल्या घरातला शेवटचा फौजी. आमची याच छावनीत दोन खोल्यांची जागा, आणि त्यांतल्या पुढच्या खोलीत भिंतीशी बाबांची खुर्ची. लाकडी, सरळ पाठीची, अजिबात आरामाची नव्हे. बाबा ड्यूटीवर असोत, गावाला असोत, त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. पाहुणे दाटीवाटीने दिवाणावर बसत आणि खुर्ची रिकामी राही. नऊ वर्षांची असताना मी एकदा तिच्यावर बसले. कसं वाटतं ते बघायचं होतं, एवढंच. पाय जमिनीला पोचत नव्हते. तिथून खोली निराळीच दिसत होती, दार आणि स्वयंपाकघर दोन्ही एकदम नजरेत, म्हणजे कोण आलं आणि कोण काय करतंय सगळं कळावं अशी. आईने मागून येऊन पाठीत धपाटा घातला. रागाने नाही, घाबरून. तो धपाटा मी विसरले नाही. पुढे शिकले, लग्न झालं, धंदा काढला, तेव्हा ठरवून टाकलं होतं की माझ्या घरात कोणाच्या नावाची खुर्ची असणार नाही. ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे बसावं. भाषणांत मी याला लोकशाही म्हणते, आणि मुली टाळ्या वाजवतात.

शुक्रवारी तो जेवताना टेबलाच्या त्या टोकाला बसला जिथे टेबलाचा पाय मध्ये येतो. मी विचारलं, इकडे का नाही बसत, इथे ऐसपैस आहे? "तिथे तुझे कागद असतात ना," म्हणाला. कागद नव्हते. कागद असतात, हे खरं, पण त्या वेळी नव्हते. मी वहीत लिहून ठेवलं, अगदी क्लायंटचं लिहावं तसं: जेवताना, पायाजवळची खुर्ची, कारण कागद. लिहिलेलं वाचलं आणि मला हसू आलं, आणि हसू आल्यावर जरा भीती वाटली. कारण गेली वीस वर्षं मी लोकांच्या घरी हेच वाचून संसार ओळखत आले आहे. मुरारच्या एका बाईंनी पलंगाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दिवे आणि मध्ये रुंद फळी मागितली, तेव्हा त्यांचं काय चाललं आहे हे मला त्यांच्या बहिणीच्या आधी कळलं होतं. दुसऱ्यांचं मला इतकं लवकर कळतं.

शनिवारी दुपारी दारांच्या मुठी बघायला पाटणकर बाजारात गेलो. त्याला मीच ओढून नेलं. तो एरवी येत नाही. मुठींच्या दुकानाला लागूनच त्यांचं फर्निचरचं दालन आहे. मी पितळी की काळ्या या घोळात अर्धा तास काढला आणि वळून पाहिलं, तर हा शेजारच्या दालनात एका मोठ्या करड्या खुर्चीत झोपला होता. नुसता बसला नव्हता. पाठ पूर्ण टेकलेली, एक हात बाजूला लोंबकळलेला, चष्मा छातीवर, तोंड किंचित उघडं. मला तो नवाच वाटला, कोणा दुसऱ्याच बाईचा नवरा असावा तसा, आणि आवडला. या माणसाला बसता येतं, मी मनाशी म्हटलं, पोटभर बसता येतं. मी पुढे गेले नाही, मुठी हातात घेऊन बघत राहिले. तेवढ्यात दुकानातला विक्रेता लगबगीने आला आणि म्हणाला, "सर, ये पीस बुक हो चुका है." लक्ष्मीकांत दचकून उठला. "सॉरी, सॉरी," म्हणाला. आणि मग त्याने एक गोष्ट केली. खाली वाकून, खुर्चीच्या गादीवर त्याच्या बसण्याने पडलेला खळगा तळहाताने थोपटून सारखा केला. पाठीच्या उशीचा कोपरा ओढून सरळ केला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं, की आता कोणी बसलं होतं असं वाटत नाही ना.

हे मी पाहिलेलं होतं. रोज पाहत होते. सोफ्यावरून, दिवाणावरून, पलंगावरूनसुद्धा उठताना तो असंच करतो, आणि मी माहेरी फोनवर कौतुकाने सांगते की आमच्याकडे किती टापटीप आहे. परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून, त्याच्या शर्टाची पाठ बघत, मी मागे मागे जात राहिले. अशी सवय कोणाला आपोआप लागत नाही. आमचं घर म्हणजे पहिल्यापासून माझं नमुन्यांचं दुकान. स्वतंत्र जागा घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा क्लायंट घरी यायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि म्हणायचे, मॅडम, बस ऐसी ही चाहिए. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी एक आरामखुर्ची बनवली होती, सागवानी, रुंद हातांची. लक्ष्मीकांत तिच्यात बसून पेपर वाचायचा आणि चहाचा कप तिच्या हातावर ठेवायचा. लाकडावर गोल डाग पडला होता. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बसल्या, उठेचनात. दुसऱ्या दिवशी मी तो डाग पॉलिश करून घालवला आणि खुर्ची पोचवली. संध्याकाळी तो आला, रिकाम्या जागेशी क्षणभर थांबला. मी धावत जाऊन सांगितलं, अहो, पहिली खुर्ची गेली! तो हसला, माझ्यासाठी बर्फी घेऊन आला. मग ती पांढऱ्या कापडाची आली, तीत तो तन्वीला मांडीवर घेऊन बसायचा. ती गेली. मग हिरवी, मग झुलती, मग पाय पसरायची. प्रत्येक वेळी तो एखाद्या खुर्चीला सरावायचा आणि ती छान दिसायला लागायची, कारण माणूस रमलेली खुर्ची छानच दिसते, आणि क्लायंटचा नेमका तिच्यावरच डोळा पडायचा. मी मोजल्या. पाच. मग कधीतरी तो सरावायचा थांबला, आणि ते कधी, ते मात्र मला आठवेना.

बाबांच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, हा अन्याय मला नवव्या वर्षी कळला होता. लक्ष्मीकांतला कोणत्याच खुर्चीवर बसता येत नाही, हे कळायला माझी पन्नाशी जवळ आली. त्या रात्री मला सरळ सरळ रडू आलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

रविवारी आईला यायला नको म्हणून कळवलं आणि सकाळी त्याला नव्या फ्लॅटवर घेऊन गेले. जागा अजून रिकामी आहे. बोललं की घुमतं. तिथे मी फरशीवर खडूने सगळं फर्निचर खऱ्या मापात आखून ठेवलेलं असतं, म्हणजे माणसाला त्यातून चालून बघता येतं. पहाटेच उठून येऊन मी एक नवी खुर्ची आखली होती, पूर्वेच्या खिडकीशी, घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी. लक्ष्मीकांत आत आला आणि खडूच्या सोफ्याला वळसा घालून, खडूच्या टेबलाच्या कडेकडेने, रेषेवर पाय न देता चालू लागला. मला ते बघवेना.

"ही तुमची खुर्ची," मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं.

तो आला. हात पाठीमागे बांधून बघत राहिला. "छान आहे," म्हणाला. "जागा तर एकदम बढिया. क्लायंटला आवडेल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"मी तुमच्या पाच खुर्च्या विकल्या," मी म्हटलं. आवाज घुमला, आणि भलताच मोठा वाटला.

"सहा," तो म्हणाला. "ती वेताची धरली नाहीस तू. गच्चीवरची."

गच्चीवरची. संध्याकाळी तो तिथे रेडिओ घेऊन बसायचा. कोणाच्या तरी बाल्कनीत शोभेल म्हणून मी ती टेम्पोत चढवली होती, आणि आज त्या कोणाचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं. "बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू खूश असायचीस. धावत येऊन सांगायचीस." तो खिडकीबाहेर बघत होता. "पहिल्या दोन वेळेला वाईट वाटलं. मग म्हटलं, छोडो, आपणच नाही बसायचं. मग काही जात नाही."

"आणि भोपाळ?"

त्याने खांदे उडवले. मग मला समजावून सांगावं अशा हळू आवाजात म्हणाला, "मागे मीटिंगला गेलो होतो ना, तेव्हा बदलीचं कानावर आलं होतं, म्हणून क्वार्टर बघून आलो. एक खोली, बाहेर ओसरीसारखं. तिथे सरकारी खुर्ची आहे, लोखंडाची. पाठीवर नंबर घातलेला. मी बसून बघितलं. बरं वाटलं गं. ती कोणी मागणार नाही."

मला वाटलं होतं, बढती, पगार, साहेबी, असलं काही असेल. त्याच्याशी मला समजूतदारपणे बोलता आलं असतं. एका लोखंडी खुर्चीसाठी हा माणूस घर सोडायला निघाला होता, आणि ते त्याने बसून, तपासून ठरवलं होतं, जसं मी लोकांना शिकवते. माझं सगळं भाषण आटलं. "नका जाऊ," मी म्हटलं. "करिअर वगैरे मी उगाच म्हटलं होतं. तुम्ही जाऊ नका. मला नाही चालणार."

तो वळला. एकवीस वर्षांत मी त्याच्याकडे इतकं उघड काही मागितलं नसावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं. खाली रस्त्यावर कोणीतरी भांडी विकत गेलं. मग त्याने हात पुढे केला, आणि मी चुकून माझा हात दिला. "अगं, खडू," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. मी खडू दिला.

तो खिडकीशी बसला नाही. खोलीभर हिंडला, भिंतीशी उकिडवा बसून बघितलं, उठला, दुसऱ्या भिंतीशी बसला. माझ्या कामाच्या टेबलाची रेषा त्याने प्रथमच तुडवली. शेवटी बाल्कनीच्या दारापाशी थांबला, तिथून माझं टेबल दिसत होतं आणि खालचा रस्ताही, आणि गुडघे टेकून आखायला लागला. दारासमोर तीन फूट मोकळे सोडायचे, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. ते न पाळल्याबद्दल मी शिकाऊ पोरींचे कागद फाडले आहेत. तो जीभ दातांत धरून एकेक रेघ ओढत होता, हात रुंद, पाठ रुंद, पुढे पाय ठेवायला आणखी एक चौकोन. चार फुटांच्या वर गेली खुर्ची. खडू संपत आला तेव्हा तो त्या चौकोनाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसला, पाठ सैल सोडून, आणि हातांनी दोन्ही बाजूंच्या रेघा चाचपून पाहिल्या.

"मोठी झाली का गं?" त्याने विचारलं.

मी बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. ते अर्धंसुद्धा उघडणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."